घट

गुरुवारी शेवटचे दोन तास दहावीचा वर्ग.
विडनेसच्या या शाळेत मी बदली शिक्षिका.
फळ्यावर लिहिते: मॅग्नेशियम, अधिक ऑक्सिजन, बाण.
मागून कुणीतरी विचारतं,
मिस, मोल म्हणजे तो बिळातला प्राणी ना?
हसतात. मीही हसते.
माझ्या भाषेत मोल म्हणजे किंमत,
हे सांगायचं राहून जातं.

सांगते ते एवढंच:
अणू मोजता येत नाहीत, तोलता येतात.
बारा ग्रॅम कोळसा, चोवीस ग्रॅम मॅग्नेशियम,
नग तेवढेच.
अठरा ग्रॅम पाणी ओतून दाखवते,
देवळात तीन पळ्या तीर्थ मिळतं, साधारण तेवढं.
त्यात रेणू किती?
सहावर तेवीस शून्यं, ढोबळ.
पहिल्या बाकावरचा मुलगा वाकून
पाण्यात बघतो.

वडील गलाईवाले. विट्याहून कोइमतूरला गेलेले,
एका खोलीत भट्टी, मूस, तेजाबाची बरणी.
तेही मोजत नसत, तोलत.
काळ्या डोळ्याच्या लाल गुंजा;
आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा.
वहीत शेवटचा रकाना घटीचा:
आलेलं वजा दिलेलं.
दिवाळीआधी ते खोलीतलं गोणपाट जाळायचे,
केरसुणीसकट, स्वतःच्या जुन्या बनियनसकट.
‘सोनं कुठं जातंय व्हय? हितंच कुठंतरी बसलेलं आसतंय.’
आणि राखेतून मसुराएवढं पिवळं काहीतरी
निघायचंच.

लेसी रिग्बीचं समीकरण जुळत नाही.
डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे एक.
ती उजव्या ऑक्सिजनच्या पायाशी दोन लिहून मोकळी होते.
असं नाही गं.
पायाशी आहे तो आकडा त्याचा जन्म,
तो हलवलास तर ते ते राहत नाही.
पाण्यातल्या ऑक्सिजनखाली दोन लिही,
केस पिवळे करायचं औषध होतं.
लेसी स्वतःच्या बटेला हात लावते.
आकडा पुढे लिही.
किती ते बदल, कोण ते नको.

मग मुशी, चिमटे, बर्नर.
झाकण जरासं उचलायचं, हवा आत जाऊ द्यायची,
धूर बाहेर नाही.
०.२४ ग्रॅमचे ०.४० व्हायला हवेत.
घंटेच्या आधी चौदा वह्यांत ०.४०.
चौदा!
मी सव्वीस वर्षं हा प्रयोग करतेय,
मला एकदाही आलेले नाहीत.
लेसीच्या वहीत ०.३७.
खाली वेड्यावाकड्या अक्षरात:
झाकण फार उचललं. पांढरा धूर दिसला.
बाकीचे ०.०३ बहुतेक छताला.

खिडकीबाहेर मैदान.
त्याखाली म्हणे पुरुषभर खोल पांढरा चिखल,
जुन्या सोडा कारखान्यांचा. इथले लोक त्याला गॅलिगू म्हणतात.
सोडा गेला, त्याची काच झाली, साबण झाला.
बाणाच्या उजवीकडचं बाकीचं
कुणाच्या वहीत चढलं नाही.
ऊन तापलं की अजून नासक्या अंड्यांचा वास येतो.
लेसीचे खापरपणजोबा त्याच कामावर होते,
तिशीत दात गेलेले. ती हे सहज सांगते,
च्युइंगम एका गालातून दुसऱ्या गालात नेत.

सगळे गेल्यावर वह्या तपासते.
इथे लाल शाई चालत नाही, मुलांची मनं दुखावतात,
म्हणून हिरव्या पेनानं
तिच्या ०.३७ शेजारी एक शब्द लिहिते, देवनागरीत.
दोनच अक्षरं. उद्या विचारेल, मिस, हे काय?
त्या चौदा वह्यांना काय लिहायचं
ते अजून ठरलेलं नाही.

दिवे मालवायला उठते
आणि वर बघते.
नळीच्या पत्र्यावर पांढरट काहीतरी आहे खरं.
धूळ असेल. खडूची म्हणावी तर
खडू जाऊन इथे वीस वर्षं झाली.
स्टूल ओढते,
चपला काढून वर चढते,
बोट फिरवते.